ट्रॅक्टरचं हेड पुन्हा उतरवायची वेळ आली आहे, या वेळी काय काय मोजून घेऊ?

द्राक्षमळा

नमस्कार मंडळी. दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे आणि फवारणीच्या ब्लोअरसाठी तीन सिलिंडरचा छोटा डिझेल ट्रॅक्टर आहे. मागच्या हंगामात त्याचं हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामध्ये दाबून बसणारं सील, गेलं. मिस्त्रींनी हेड उतरवलं, प्लेन करून (मशीनवर सपाट करून) आणलं, नवं गॅस्केट टाकलं आणि इंजिन सुरू झालं. खरड छाटणीपर्यंत काही तक्रार नव्हती. आता ऑक्टोबर छाटणी उरकली, पाऊस काही पाठ सोडत नाही, डावणी रोगाच्या धास्तीने फवारणीवर फवारणी चालू आहे, आणि नेमकं तेच दुखणं परत आलं.

ब्लोअर जोडून थोडा वेळ चाललं की काटा लाल पट्ट्याकडे सरकतो. इंजिन थंड असताना रेडिएटरची टोपी काढून चालू केलं तर पाण्यात बुडबुडे येतात. रोज पाणी भरावं लागतं, पण खाली जमिनीवर थेंबही सांडलेला दिसत नाही. मिस्त्री म्हणतात हेड परत वाकलं, परत प्लेन करू. मला ते पटत नाही. एकाच हंगामात सपाट केलेलं हेड पुन्हा वाकत असेल, तर तिसऱ्यांदा वाकणार नाही याची खात्री कशावरून?

मागचं जळालेलं गॅस्केट मी टाकून दिलेलं नाही. मधल्या सिलिंडरच्या रिंगेभोवती काळा पट्टा आहे, तिथून तो पाण्याच्या भोकाकडे गेलाय. फवारणीसाठी चुलतभावाचा ट्रॅक्टर मिळालाय, त्यामुळे घाई नाही. काम एकदाच पण नीट व्हावं एवढीच इच्छा. हेड उतरवल्यावर काय तपासायचं, कोणत्या क्रमाने, ते जाणकारांनी सांगावं.

पाना सोळा-सतरा

आधी तीन गोष्टी सांगा. तेलाच्या काठीवर तेल कसं आहे, काळं की चहासारखं दुधाळ? तेलाची पातळी वाढली आहे का? आणि सकाळी पहिला सेल मारताना इंजिन मध्येच अडकल्यासारखं होतं का?

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. रात्रभरात पाणी सिलिंडरमध्ये झिरपून पिस्टनवर साचलं असेल आणि तुम्ही सेल दाबून धरला, तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. अडकतंय असं वाटलं तर इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) काढून इंजिन हाताने फिरवा, तिथून पाणी बाहेर येईल.

द्राक्षमळा

तेल काळंच आहे, पातळी वाढलेली नाही. अडकत नाही, पण सकाळी सुरुवातीला पांढरा धूर येतो आणि एक सिलिंडर उशिरा पेटल्यासारखा आवाज येतो. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी आहे. आमच्याकडे सगळे तेच वापरतात.

वणीघाट

माझं सरळ मत. गॅस्केट लोकल टाकलं असेल. कंपनीचं आणा, हेड प्लेन करा आणि थर्मोस्टॅट काढून टाका. आमच्या पिकअपचा थर्मोस्टॅट काढल्यापासून वणीचा घाट भरलेल्या गाडीने चढतो, काटा हलत नाही.

सातपूरचा लेथ

मी हेड फेसिंग (हेड सपाट करणं) आणि सीट कटिंगचं (हेडमध्ये वॉल्व्ह टेकतो ती कडा कापणं) काम करतो. या विषयावर मनापासून लिहावंसं वाटतं, म्हणून जरा लांब लिहितो.

आमच्याकडे हेड येतं ते बहुतेक वेळा एकटंच येतं. गोणपाटात गुंडाळलेलं, 'प्लेन करून द्या' एवढा निरोप. ब्लॉक शेतात, लाईनर (ब्लॉकमध्ये बसणारी सिलिंडरची नळी) शेतात. मशीनवर चढवून दोन-तीन दशांश मिलिमीटर काढून चकचकीत करून देणं सोपं आहे, गिऱ्हाईकही खूश होतं. पण गॅस्केट दोन पृष्ठभागांमध्ये दाबलं जातं, आणि आम्ही त्यातला एकच पाहिलेला असतो. दादा, तुमचं गॅस्केट दोन्ही वेळा मधल्याच सिलिंडरला गेलं असेल, तर मी हेडवर नंतर संशय घेईन, आधी ब्लॉककडे बघेन.

आता क्रमाने. इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय हेडच्या बोल्टला पाना लावायचा नाही. कसताना मधून बाहेर जातात, सोडवताना उलटं: दोन्ही टोकांकडून मध्याकडे, एका दमात नाही, प्रत्येक बोल्ट थोडा थोडा. एका बाजूचे सगळे बोल्ट मोकळे केले आणि दुसरी बाजू आवळलेली राहिली की चांगलं हेड त्याच वेळी वाकतं. इंजेक्टर हेड उतरवण्याआधी काढा. बऱ्याच इंजिनांत इंजेक्टरच्या नोझलचं टोक हेडच्या खाली डोकावतं, आणि तसंच हेड बाकावर ठेवलं तर नोझल गेलं. पाइपांच्या तोंडाला लगेच टोप्या लावा, डिझेलच्या लाइनीत धूळ नको. पुशरॉड आणि वॉल्व्ह ज्याचे त्याच्या जागी परत गेले पाहिजेत. पुठ्ठ्याला भोकं पाडून नंबर टाकून ठेवा.

गॅस्केट निघालं की ते पुसू नका. फायर रिंगचा ठसा बघा, म्हणजे सिलिंडरभोवतीची धातूची कडी किती दाबली गेली ते. तिन्ही सिलिंडरला ठसा सारखा खोल हवा. जिथे फिका आहे तिथे दाब कमी होता, आणि दाब का कमी होता याचं उत्तर शोधायचं आहे. ही खूण कोणत्याही यंत्राशिवाय, फुकट मिळते, आणि नेमकी तीच लोक कचऱ्यात टाकतात. तुम्ही ठेवलीत ते फार चांगलं केलंत.

मग हेडचा पृष्ठभाग स्वच्छ करा. पत्र्याच्या बोथट पट्टीने, रॉकेल लावून. ग्राइंडरवर तारेचा ब्रश लावून घासू नका, कडा गोल होतात. स्ट्रेट एज (अचूक सरळ धातूची पट्टी) लांबीला दोन्ही कडांना आणि मध्ये, दोन्ही कर्णांवर, आणि प्रत्येक दोन सिलिंडरच्या मधल्या पुलावर आडवी ठेवा. खाली फिलर गेज (ठरलेल्या जाडीच्या पात्या) घाला. पाच शतांश, म्हणजे ०.०५ मिमीची पाती कुठेच जात नसेल तर हेड उत्तम. पुढची मर्यादा इंजिनागणिक वेगळी असते, कुणी ०.१० देतं, कुणी ०.१५. तुमच्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा खरा.

मर्यादेच्या आत असेल तर प्लेन करू नका, आणि मला इथे ठामपणे बोलायचं आहे. या प्रकारच्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनाचं हेड खालून सपाट असतं, जळण्याची वाटी पिस्टनमध्ये असते. अशा हेडमधून धातू काढला की कॉम्प्रेशन वाढतं असं अनेकांना वाटतं. खरं तर पिस्टन आणि हेडमधली फट गॅस्केटच्या जाडीवर आणि ब्लॉकवर ठरते, हेड घासल्याने ती बदलत नाही. बदलतात दुसऱ्या दोन गोष्टी. वॉल्व्ह हेडच्या पातळीपासून जेवढा आत बसलेला असतो ते अंतर कमी होतं, आणि फार कमी झालं तर वॉल्व्ह पिस्टनला लागू शकतो. आणि नोझलचं टोक जास्त खाली येतं, फवारा वाटीत ठरलेल्या जागी न पडता वाटीच्या तळाकडे पडतो. धूर वाढतो, पिस्टन तापतो. म्हणून प्लेन केलेल्या प्रत्येक हेडवर वॉल्व्हची खोली आणि नोझलचं टोक डायल गेजने (काट्याच्या मोजमाप यंत्राने) मोजल्याशिवाय हेड दुकानाबाहेर जाऊ नये. हेडच्या किमान जाडीचीही मर्यादा असते, तीही बघायची.

आता ब्लॉक. ओले लाईनर असतील, म्हणजे ज्यांच्या बाहेरून थेट पाणी फिरतं ते, तर त्यांची कॉलर ब्लॉकच्या पातळीपेक्षा किंचित वर उभी असली पाहिजे. किती, ते परत मॅन्युअलमध्ये, पण गोष्ट काही शतांश मिलिमीटरची असते. तेवढ्या उचलीवरच फायर रिंग दाबली जाते. एखादा लाईनर बसला, ब्लॉकच्या पातळीला आला, की हेड आरशासारखं सपाट असूनही तिथे गॅस्केट टिकणार नाही. ब्लॉकवर डायलचं स्टँड ठेवा, प्रत्येक लाईनर चार जागी मोजा. मोजताना लाईनर क्लॅम्पने दाबलेला हवा, नाहीतर खालच्या रबर रिंगा त्याला वर ढकलतात आणि खोटा आकडा मिळतो.

हे मोजमाप करा आणि आकडे इथे टाका. पुढचं त्यावर बोलू.

आयटीआयवाली ताई

मेकॅनिक डिझेल ट्रेडला शिकवते. लेथदादांनी सगळा पाया घातलाच आहे, मी दोन गोष्टी जोडते.

वणीघाट भाऊ, थर्मोस्टॅट काढायचा सल्ला मागे घ्या अशी विनंती. थर्मोस्टॅट साधारण ८२ अंशांना उघडायला लागतो. थंड असताना तो पाणी बायपासने इंजिनातच फिरवतो. काही इंजिनांत पूर्ण उघडला की तोच बायपासची वाट बंद करतो. अशा इंजिनातून तो काढलात, तर पाण्याचा एक भाग रेडिएटरकडे न जाता बायपासनेच फिरत राहतो आणि खऱ्या भाराखाली तापमान उलट वाढू शकतं. ज्या इंजिनांत तसं होत नाही ती कायम थंड चालतात, डिझेल नीट जळत नाही, सिलिंडर झिजतात. संशय असेल तर पातेल्यात पाणी तापवून थर्मामीटर लावून बघा, कुठे उघडायला लागतो आणि किती उघडतो. बिघडला असेल तर नवा टाका.

दुसरं, टोपी. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, इथे साधं उघडं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. टोपीची स्प्रिंग ०.९ बार दाब धरत असेल तर तेच पाणी १२० अंशांच्या जवळपास जाईपर्यंत उकळत नाही. टोपीचं रबर चिरलं की हे सगळं संरक्षण गेलं. हेडच्या खर्चापुढे टोपीची किंमत काहीच नाही, ती बदलाच.

आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका. बिडाच्या हेडला तडा जाण्याचं ते एक मोठं कारण आहे. भार काढून मंद गतीवर (आयडलिंगला) चालू ठेवून तापमान उतरू द्या, पाणी आधीच संपलं असेल तर बंद करून वाट बघा.

द्राक्षमळा

हेड उतरवलं. लेथदादांनी सांगितलं तसं गॅस्केट आधी बघितलं. पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरचा ठसा ठळक, मधल्याचा इंजेक्शन पंपाच्या बाजूला जवळजवळ नाहीच. मागच्या गॅस्केटवरही तेच, आधी लक्षात आलं नव्हतं.

ओझरला एका ओळखीच्या फिटरकडे स्ट्रेट एज आणि डायल आहे, ते घरी आले. हेड लांबीला ०.०४, कर्णांवर ०.०५ सुद्धा जात नाही. मॅन्युअलची मर्यादा ०.१० आहे. म्हणजे हेड सपाट आहे.

लाईनर दाबून मोजले: पहिला ०.०७ वर, मधला पंपाच्या बाजूला ०.०१ खाली आणि समोरच्या बाजूला ०.०२ वर, तिसरा ०.०६ वर. मॅन्युअल म्हणतं ०.०५ ते ०.१०. मिस्त्रींना बोलावून दाखवलं. त्यांनी स्वतः पुन्हा मोजलं, आकडा तोच आला. आता तेही उत्सुक झालेत.

सातपूरचा लेथ

सापडलं. हेड कितीही वेळा प्लेन केलं असतं तरी हे गॅस्केट गेलंच असतं.

आता मधला लाईनर काढावाच लागेल, आणि तो काढायचा तर माझं मत तिन्ही काढा. लाईनरची कॉलर ज्या पायरीवर बसते ती पायरी बोअरच्या पाण्याने आणि हलत्या लाईनरने खाल्ली असेल. पायरी स्वच्छ केल्यावर खड्डा दिसला, तर जागेवरच ती कापून सपाट करायचं हत्यार असतं, आणि कापलेल्या जाडीची भरपाई कॉलरखाली स्टीलची शिम (पातळ कडी) घालून करायची. घरी पत्रा कापून शिम करू नका, ती तयार मिळते, ठरावीक जाडीची, पूर्ण गोल. आधी रबर रिंगा न घालता लाईनर बसवून, दाबून मोजा. उचल बरोबर आली की मग रिंगा घालून शेवटचं बसवा. तिन्ही लाईनरची उचल एकमेकांच्या जवळ असू द्या, कारण शेजारी शेजारी फरक जास्त पडला तर हेडच वाकडं आवळलं जातं.

लाईनर बाहेर आला की त्याची पाण्याकडची बाजू बघा. जिथे पिस्टन रेटतो त्या बाजूला सुईने टोचल्यासारखे खड्डे दिसतात का?

द्राक्षमळा

दिसतात! मधल्या लाईनरला उभ्या पट्ट्यात बारीक बारीक खड्डे आहेत, एक-दोन तर बरेच खोल. हे गंजाचं आहे का?

आयटीआयवाली ताई

गंज सोबत असेल, पण मूळ कारण वेगळं आहे. डिझेलमध्ये स्फोट झाला की पिस्टन लाईनरच्या एका भिंतीवर आपटतो आणि लाईनर थरथरतो. भिंत पाण्यापासून क्षणभर दूर जाते तेव्हा तिथे वाफेचे बारीक बुडबुडे होतात, आणि भिंत परत येताना ते फुटतात. प्रत्येक बुडबुडा फुटताना धातूवर हातोडीसारखा घाव बसतो. याला कॅव्हिटेशन म्हणतात. वर्षानुवर्षं चाललं की लाईनरला आरपार भोक पडतं आणि पाणी थेट सिलिंडरमध्ये किंवा खाली तेलात जातं. लोक तेव्हाही हेड गॅस्केटच बदलत बसतात.

कूलंटमधली रसायनं लाईनरवर एक पातळ थर धरून ठेवतात, घाव त्या थरावर बसतात. साध्या पाण्यात हे संरक्षण नसतं. बोअरच्या पाण्यात तर क्षारही असतात, ते हेडच्या आतल्या वाटांवर थर करून बसतात आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत. सगळ्यात जास्त थर तिथेच धरतो जिथे धातू सगळ्यात तापतो, म्हणजे एक्झॉस्ट वॉल्व्हच्या सीटमागे. हेड आता उतरलंच आहे तर डमी प्लग (पाण्याच्या वाटांची तोंडं बंद करणारी झाकणं) काढून आतलं सगळं स्वच्छ करून घ्या आणि प्लग नवे बसवा.

पाना सोळा-सतरा

तायडे, हे फार छान समजावलंस. मी हे खड्डे अनेकदा पाहिलेत, कारण आज कळलं.

निफाडची थंडी

माझा प्रश्न वॉल्व्हबद्दल. आमच्या निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांपर्यंत येतो, त्याखालीही जातो. पहाटे ट्रॅक्टर सुरूच होत नाही, झाला तर पांढरा धूर ओकतो. हेडचं काम करून घेतलं, सीट कापून नवे वॉल्व्ह टाकले, त्यानंतर हे जास्तच झालं. बॅटरी नवी, नोझल तपासलेले. हेडच्या कामात असं काय होऊ शकतं?

सातपूरचा लेथ

वॉल्व्ह खूप आत गेले असणार. मघाशी प्लेन केल्याने वॉल्व्हची खोली कमी होते म्हणालो, इथे त्याच्या उलट झालंय. सीट वारंवार कापली की वॉल्व्ह हेडमध्ये खोल खोल बसत जातो. प्रत्येक वॉल्व्हच्या खाली तेवढी जास्तीची पोकळी तयार होते, हवा तेवढी कमी दाबली जाते, तेवढी कमी तापते. डिझेल पेटतं ते हवेच्या उष्णतेनेच, त्यामुळे उन्हाळ्यात हे कळत नाही आणि निफाडच्या पहाटे कळतं. डायलने खोली मोजून घ्या. मर्यादेबाहेर असेल तर सीट आणखी कापून उपयोग नाही, जुनी सीट काढून नवी इन्सर्ट बसवायची.

द्राक्षमळा दादा, तुमच्यासाठीही हेच सांगतो. वॉल्व्हचं काम पुढच्या क्रमानेच करा. आधी गाईड. वॉल्व्हची दांडी गाईडमध्ये किती डुलते ते डायलने बघा, दांडी मायक्रोमीटरने वर, मध्ये, खाली मोजा. गाईड बहुधा दोन्ही टोकांना घंटेसारखं रुंद झिजतं, मध्ये चांगलं असतं, त्यामुळे नुसतं हाताने हलवून फसायला होतं. झिजलं असेल तर सीटला हात लावण्याआधी बदला, कारण सीट कापणारं हत्यार गाईडमध्येच केंद्र धरतं. जुन्या गाईडवर कापलेली सीट नव्या गाईडशी जुळत नाही.

मग सीट. कोन मॅन्युअलप्रमाणे, बऱ्याच इंजिनांत ४५ अंश, काहींत इनलेटला ३०. सीटची रुंदी दीड-दोन मिमीच्या आसपास ठेवायची असते. रुंद झाली तर काजळी चिकटते आणि दाब पसरतो, अरुंद झाली तर एक्झॉस्ट वॉल्व्हची उष्णता हेडमध्ये जायला जागा उरत नाही आणि वॉल्व्ह जळतो. हलक्या हाताने लॅपिंग (पेस्ट लावून वॉल्व्ह सीटवर घासणं), निळा रंग लावून ठसा बघायचा, पूर्ण गोल आणि वॉल्व्हच्या तोंडाच्या मध्यावर हवा. तासन्‌तास पेस्ट घासून खराब सीट चांगली होत नाही. शेवटी पेस्टचा कण न् कण धुऊन काढा, ती सिलिंडरमध्ये गेली तर सिलिंडरच घासेल.

स्प्रिंगा लावून पोर्टमध्ये रॉकेल ओता. काही मिनिटांत वॉल्व्हच्या कडेला ओल दिसली तर ती सीट परत करायची. स्प्रिंगा सपाट काचेवर गुण्याला लावून उभ्या करून बघा, कलती असेल तर बदला. मोकळी लांबीही मोजा.

आयटीआयवाली ताई

आणि तडा तपासल्याशिवाय सीट-गाईडवर पैसे घालू नका. आधी तडा, मग बाकीचं. बिडाच्या हेडला चुंबकीय पावडरची चाचणी चांगली, नसेल तर लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर. दोन वॉल्व्हच्या मधला पूल आणि सीटपासून इंजेक्टरच्या भोकाकडे जाणारी जागा नीट बघायची. त्यानंतर प्रेशर टेस्ट: पाण्याच्या सगळ्या वाटा रबर आणि पट्ट्यांनी बंद करून आत दोन-तीन बार हवा भरायची आणि हेड गरम पाण्यात बुडवायचं. पाणी गरमच हवं, ७५-८० अंश. काही तडे थंड असताना मिटलेले असतात आणि तापल्यावर उघडतात.

वणीघाट

थर्मोस्टॅटचं ताईंचं म्हणणं मान्य. नवा आणून बसवतो. पण मला सांगा, प्रत्येक शेतकऱ्याने एवढं सगळं करायचं म्हटलं तर फवारणी कधी करायची? हंगामात ट्रॅक्टर आठवडाभर उभा ठेवणं परवडत नाही.

सातपूरचा लेथ

रास्त प्रश्न आहे. सगळं हंगामात करू नका. हंगामात गॅस्केट गेलं तर स्ट्रेट एज आणि लाईनरची उचल एवढं तरी मोजा, त्याला एक सकाळ पुरते, आणि पुन्हा हेड उतरवायचं की नाही हे त्यावरच ठरतं. सीट, गाईड, आतली साफसफाई हे मणी भरल्यानंतर किंवा काढणी झाल्यावर करता येईल. मात्र तेल दुधाळ दिसलं तर एक फेरीसुद्धा मारू नका. पाणी मिसळलेलं तेल बेअरिंगवर थर धरत नाही, मग क्रँकपर्यंत काम जातं.

द्राक्षमळा

काम झालं, सविस्तर लिहितो.

गरम पाण्यातली प्रेशर टेस्ट अंबडला झाली, तडा नाही. हेड प्लेन केलं नाही. मात्र मागच्या वेळी प्लेन केल्यामुळे नोझलची टोकं मॅन्युअलपेक्षा जास्त खाली आलेली निघाली, त्यासाठी जाड तांब्याचे वॉशर टाकून परत मोजलं, आता मर्यादेत आहेत. नोझल टेस्टवर लावले, एक थेंब गळत होता, तो बदलला. एक्झॉस्टचे तिन्ही गाईड बदलून सीट कापल्या. वॉल्व्हची खोली सगळीकडे मर्यादेत.

ब्लॉकमध्ये मधली पायरी एका बाजूला खाल्लेली होती. ती कापून शिम घातली, तीन नवे लाईनर टाकले. आता उचल ०.०८, ०.०८, ०.०७ आहे. लाईनर नवे म्हणून पिस्टन आणि रिंगाही नव्या घेतल्या, खर्च वाढला पण अर्धवट ठेवायचं मन झालं नाही. हेडच्या आतून निघालेला क्षारांचा थर बघून घरच्यांनी बोअरच्या पाण्याचा हट्ट सोडला. आता डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं निम्मं आहे.

बोल्टची भोकं हवेने फुंकून कोरडी केली. फिटर म्हणाले, आंधळ्या (तळ बंद असलेल्या) भोकात तेल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट कसताना ते दाबलं जाऊन ब्लॉकला तडा जातो, आणि टॉर्क पानाही खोटं सांगतो. मधून बाहेर, तीन टप्प्यांत कसलं. टॅपेट लावले, म्हणजे वॉल्व्हची फट जुळवली. आता विचारायचं हे की चालवून झाल्यावर हेड परत कसायचं का? मिस्त्री हो म्हणतात, गॅस्केटच्या पाकिटावर काही लिहिलेलं नाही.

पाना सोळा-सतरा

गॅस्केट कोणत्या जातीचं? तंतूंचं जुन्या पद्धतीचं असेल तर ते सुरुवातीला थोडं बसतं, त्यामुळे मॅन्युअलमध्ये पुन्हा कसायला सांगितलेलं असतं. स्टीलच्या पातळ पत्र्यांचं असेल तर सहसा नाही. कसायचं असेल तर एका वेळी एकच बोल्ट, ठरलेल्या क्रमाने, आणि नंतर टॅपेट पुन्हा तपासायचे, कारण हेड खाली बसलं की टॅपेटची फट बदलते.

द्राक्षमळा

जुन्या पद्धतीचंच आहे, आणि मॅन्युअलमध्ये परत कसायचं पान सापडलं. तसंच करतो. ब्लोअर जोडून पूर्ण भारावर चालवला, काटा मध्यावर थांबतो. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत.

पाना सोळा-सतरा

एक राहिलं. रेडिएटरची जाळी पंख्याच्या बाजूकडून बाहेर अशी धुवा. बागेत पानांची लव, धूळ आणि गंधकाचा थर समोरून आत घुसतो, समोरूनच पाणी मारलं तर तो आणखी आत बसतो. प्रेशर वॉशर जवळ धरू नका, पत्र्या झोपतात. पंख्याच्या पट्ट्याचा ताणही बघा.

वणीघाट

या धाग्यामुळे मीही माझ्या पिकअपचं मोजून घ्यायचं ठरवलंय. तिचं हेड ॲल्युमिनियमचं, कॅमशाफ्ट वरच. एकदा कसाऱ्यात चांगली तापली होती. तिलाही हेच सगळं लागू होतं का?

सातपूरचा लेथ

बरंचसं होतं, पण एक मोठा फरक आहे. ॲल्युमिनियमचं हेड तापून वाकलं की ते केळ्यासारखं पूर्ण वाकतं, खालचा पृष्ठभागही आणि वर कॅमशाफ्टची जागाही. खालून प्लेन केलंत तर खालची बाजू सरळ होते, कॅमची वाट मात्र वाकडीच राहते. मग कॅमशाफ्ट जड फिरतो, त्याचे जर्नल झिजतात, कधी तो तुटतोही. म्हणून अशा हेडवर आधी कॅमच्या बेअरिंगची रांग स्ट्रेट एजने बघायची. कॅप बसवून, ठरलेल्या टॉर्कने कसून, रॉकर न लावता कॅमशाफ्ट दोन बोटांनी फिरला पाहिजे. वाक असेल तर हेड आधी उष्णता देऊन सरळ करावं लागतं, मग हलकं फेसिंग. फार वाक असेल तर नवं हेडच बरं.

तिचे बोल्ट डिग्रीमध्ये कसायचे असतील तर ते बहुधा ताणले जाणारे बोल्ट असतात, मॅन्युअल पुन्हा वापरू देत नसेल तर नवे घ्या. गॅस्केटही काही इंजिनांत वेगवेगळ्या जाडीचं मिळतं, कडेला खाचा किंवा भोकं असतात. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून जाडी निवडायची, नुसतं जुन्यासारखं दिसतं म्हणून आणायचं नाही.

हेड आणाल तेव्हा कॅमशाफ्ट, सगळ्या कॅप नंबरप्रमाणे आणि जुनं गॅस्केट न पुसता सोबत आणा. ब्लॉक आणता येत नसेल तर पिस्टनची उचल घरी मोजून आकडा कागदावर लिहून द्या.